रोजचा डेटा दुपारीच संपतो, पोस्टपेडचं बिल वाढतं: नक्की पैसे जातात कुठे?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. त्यांच्या फोनला रोजचा दीड जीबीचा प्लॅन आहे आणि तो दुपारी दोनच्या आत संपतो. मग जवळजवळ रोज १९ रुपयांचं छोटं पॅक मारावं लागतं. बेदाणा शेडवर सिमवर चालणारा कॅमेरा बसवलाय. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये आणखी एक सिम आहे. वडिलांच्या फोनमध्ये एक प्रीपेड आणि एक जुनं पोस्टपेड अशी दोन कार्डं आहेत, आणि पोस्टपेडचं बिल गेले दोन महिने दोन-अडीचशेनं जास्त येतंय. पुढच्या महिन्यात त्यांना दुबईलाही जायचंय. त्यांचा प्रश्न असा: कंपनी जास्त पैसे लावतेय, की आम्हीच जास्त वापरतोय?

दादा, मी सांगलीत रिचार्ज, सिमकार्ड आणि बिलांच्या तक्रारींचं काम बरीच वर्षं करतोय. तुमचं वर्णन वाचून एक गोष्ट लगेच सांगतो. तुमच्या घरातल्या प्रत्येक सिमला मर्यादा संपल्यानंतरचा नियम वेगळा आहे, आणि तुम्ही सगळ्यांना एकाच मापानं मोजताय. सगळा गोंधळ तिथे आहे.

तुमच्या स्वतःच्या फोनपासून सुरू करू. प्रीपेडच्या रोजच्या प्लॅनमध्ये दीड जीबी संपला म्हणून एकही रुपया जास्त कापला जात नाही. फक्त वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दोनशे केबीचा फोटो उघडायला अंदाजे २५ सेकंद, एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून जास्त. व्हिडिओ विसराच. पण साधा मजकूर जातो-येतो, आणि यूपीआयचा व्यवहार स्वतः अगदी थोड्या केबीत होतो. अडतं ते त्या अ‍ॅपच्या पहिल्या पानावरच्या जाहिराती आणि चित्रं उतरताना. पेट्रोल पंपावर चक्र फिरत राहतं, मागे रांग लागते आणि माणूस घाईघाईत १९ रुपयांचं पॅक मारतो. त्यावेळी मागची बाकीची अ‍ॅप बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा, बहुतेकदा पैसे जातात. नाहीच गेले तर बँकेला जोडलेल्या नंबरवरून *९९# डायल करा. त्याला इंटरनेट लागतच नाही आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. ही सोय आपल्याकडे फार कमी लोक वापरतात याचं मला वाईट वाटतं, कारण बागेत रेंजची एकच काडी असते तेव्हा तीच कामाला येते.

आता त्या १९ रुपयांचा हिशेब. जुलै २०२४ मध्ये सगळ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्यानंतरचे जिओचे दर उदाहरण म्हणून घेतो. बाकीच्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे आहेत, आणि आज रिचार्ज करताना चालू दर बघूनच घ्या. २८ दिवसांसाठी रोज दीड जीबी २९९ रुपये, रोज दोन जीबी ३४९, रोज अडीच जीबी ३९९. म्हणजे रोजचा अर्धा जीबी वाढवला की २८ दिवसांचे ५० रुपये जास्त. त्या ५० रुपयांत १४ जीबी मिळतो, एका जीबीला साडेतीन रुपयांच्या आसपास पडतात. तोच एक जीबी सुटा घेतला की १९ रुपये. पाचपटीहून महाग.

तुम्ही २८ दिवसांत २५ वेळा जरी छोटं पॅक मारत असाल तरी ४७५ रुपये झाले. वर प्लॅनचे २९९, एकूण ७७४. रोज अडीच जीबीचा प्लॅन घेतला असता तर ३९९. फरक ३७५ रुपयांचा. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात तेरा वेळा भरावा लागतो, म्हणजे एका फोनवर वर्षाला पावणेपाच हजारांच्या वर. एवढ्यात औषधाच्या फवारणीचा थोडाफार खर्च निघतो. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांत हाच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो: मोठ्या प्लॅनचे शंभर रुपये एकदम द्यायला जड जातात, आणि १९ रुपये रोज दिले तरी कळत नाहीत. शिवाय छोट्या पॅकची मुदत नीट वाचा. काही पॅक मूळ प्लॅनबरोबर चालतात, काही त्याच दिवशी संपतात. रात्री अकराला मारलेलं एका दिवसाचं पॅक तासाभरात वाया जाऊ शकतं.

पण प्लॅन मोठा करण्याआधी एक काम करा, कारण दीड जीबी दुपारी दोनला संपणं हे मला नैसर्गिक वाटत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये मोबाईल डेटाचा वापर अ‍ॅपनिहाय दिसतो. तिथे जाऊन कोणत्या अ‍ॅपनं किती खाल्लं ते बघा. माझा अंदाज आहे की वरच्या दोन-तीन नावांत कॅमेऱ्याचं अ‍ॅप असेल.

हा कॅमेऱ्याचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण तासगाव, पलूस, मिरजेच्या पूर्व भागात बागा आणि बेदाणा शेडवर असे कॅमेरे बसवलेले मी खूप बघतो आणि बसवणारा डेटाबद्दल काहीच सांगत नाही. चित्र पाठवायला कॅमेरा समजा १ एमबीपीएस वापरतोय. तासाला ४५० एमबी झाले. चोवीस तास अखंड क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, पाठवत राहिला तर जवळपास ११ जीबी रोज. एचडीवर याच्या दुप्पटही जातो. आणि खरी गोम पुढे आहे: तुम्ही घरी किंवा मार्केट यार्डात बसून शेड बघता, तेव्हा डेटा दोन ठिकाणी खर्च होतो. कॅमेऱ्याच्या सिममधून चित्र वर जातं, तो एक खर्च. तेच चित्र तुमच्या फोनवर उतरतं, तो दुसरा. बेदाणा वाळवायच्या दिवसांत माणूस दर अर्ध्या तासाला रॅक बघतो, पाच-दहा मिनिटं अ‍ॅप उघडं ठेवतो, आणि दुपारपर्यंत दीड जीबी गेलेला असतो. बघणारे वडीलही असतील तर त्यांच्या फोनचाही जातो.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घाला आणि रेकॉर्डिंग तिथेच होऊ द्या. कार्डावर लिहायला डेटा लागत नाही. क्लाउडवरचं अखंड रेकॉर्डिंग बंद करा. हालचाल झाली तरच सूचना यावी अशी सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू करा. पण शेडच्या शेडनेटचा पडदा वाऱ्यानं हलला की सूचना येत राहतात, म्हणून फक्त दाराचा आणि रॅकचा भाग निवडा. आणि बघताना अ‍ॅपमध्ये एचडी-एसडी असं बटण असतं, ते एसडीवर, म्हणजे कमी स्पष्ट चित्रावर, ठेवा. माणूस आत शिरलाय की कुत्रं, हे एसडीतही स्पष्ट कळतं.

कॅमेऱ्यानंतर व्हिडिओ. यूट्यूब ३६० या चित्राच्या क्वालिटीवर तासाला ढोबळ मानानं ३०० एमबी घेतं, ७२० वर एक जीबी किंवा त्याहून जास्त. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये मोबाईल नेटवर्कसाठी व्हिडिओची क्वालिटी वेगळी ठरवता येते, तिथे 'डेटा सेव्हर' निवडा. फवारणीचं वेळापत्रक किंवा छाटणीची माहिती ऐकायची असते, त्याला मोठ्या चित्राची गरज नाही. इन्स्टाग्राम-फेसबुकवरचे छोटे व्हिडिओ जास्त घातक, कारण तुम्ही न मागता पुढचा व्हिडिओ आधीच उतरत असतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' मध्ये जाऊन मोबाईल डेटावर फोटो, व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. बागायतदारांच्या ग्रुपवर दिवसाला शेकड्यांनी पानांचे आणि घडांचे फोटो पडतात. हवा तोच बोट लावून उघडा. गुगल फोटोजचा बॅकअप आणि प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा. मुलांच्या लॅपटॉपला हॉटस्पॉट देत असाल तर लॅपटॉपवर ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजून मिळणारं, म्हणून नोंदवा, नाहीतर विंडोजचा एक मोठा अपडेट तुमचा अख्खा दिवस खाऊन टाकेल.

अमर्याद ५जीबद्दलही लोक फसतात. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेल दोघांनी ही सोय साधारणपणे रोज दोन जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनलाच ठेवली. दीड जीबीच्या प्लॅनवर फोन ५जी असला तरी ती मिळेलच असं धरू नका. आणि मिळाली तरी फोन ५जी टॉवरवर असेपर्यंतच वापर मोजला जात नाही. तासगाव शहरात ५जी धरतो, बागेत गेलात की फोन गुपचूप ४जीवर येतो आणि तिथून रोजची मर्यादा मोजायला सुरुवात होते. वरच्या पट्टीत कोणतं चिन्ह दिसतंय याकडे लक्ष ठेवा.

आता वडिलांचं पोस्टपेड. मर्यादा ओलांडल्यावर खरोखर पैसे लागतात ते इथे. पोस्टपेडमध्ये महिन्याचा एकगठ्ठा डेटा असतो आणि तो संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग कमी होत नाही, मीटर चालू राहतं. आताचे दर जीबीला साधारण १० ते २० रुपये आहेत, वर १८ टक्के जीएसटी. दहा जीबी जास्त गेला आणि दर २० असला तर २०० अधिक कर ३६, म्हणजे २३६ रुपये. तुमच्या दोन-अडीचशेच्या वाढीशी हा आकडा चांगलाच जुळतो.

प्रश्न असा की वडील एवढा डेटा वापरतात कुठे? त्यांच्या फोनमध्ये दोन सिम आहेत, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमचं नेटवर्क कमजोर झालं की डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याची सोय असते. कुणाच्या फोनमध्ये 'ऑटो डेटा स्विचिंग', कुणाच्यात 'स्मार्ट स्विच' अशा नावानं ती सापडते. आयफोनमध्ये 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग'. प्रीपेड सिमची रेंज गेली की फोन स्वतःहून पोस्टपेडवरून कॅमेरा आणि यूट्यूब दाखवत राहतो. वडिलांना कळायचा काही मार्ग नाही. ती सोय बंद करा, डेटा कायम प्रीपेडवर ठेवा आणि पोस्टपेड फक्त बोलण्यासाठी. त्याआधी मात्र बिलाचा तपशील उघडून जास्तीची रक्कम खरंच डेटाची आहे का ते बघा. कधीकधी ती कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेट असल्या सेवांची निघते. तसं असेल तर त्याच नंबरवरून १५५२२३ ला फोन करून त्या सेवा बंद करता येतात.

पोस्टपेडवर डेटा मुळीच नको असेल तर १९२५ हा टोल-फ्री क्रमांक आहे. डेटा चालू करण्यासाठी आणि बंद करण्यासाठी ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेच्या, नियमानं सगळ्या कंपन्यांना तो ठेवावा लागतो. त्याच नियमांप्रमाणे डेटाच्या मर्यादेच्या ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर कंपनीनं संदेश पाठवायचा असतो. हे संदेश वडिलांच्या फोनमध्ये जाहिरातींच्या गर्दीत पडलेले असतील. ते काढू नका, शोधून ठेवा. का ते शेवटी सांगतो.

एक तिसरा प्रकारही सांगून ठेवतो, कारण घरातल्या आणखी एखाद्या फोनला तो लागू असू शकतो. स्वस्तातल्या काही प्रीपेड प्लॅनमध्ये रोजचा डेटा नसतो, अख्ख्या मुदतीला दोन जीबी वगैरे असतो. तो संपल्यावर आणि खात्यात टॉकटाइम शिल्लक असेल तर काही ठिकाणी एमबीला ५० पैसे या दरानं शिल्लक कापली जाते. ५० पैसे ऐकायला किरकोळ वाटतं, पण जीबीला ५१२ रुपये झाले. असा प्लॅन असलेल्या फोनमध्ये टॉकटाइम ठेवू नका, किंवा मोबाईल डेटा बंद ठेवा. जुन्या माणसांना आठवत असेल, २०१६ मध्ये जिओ यायच्या आधी पॅक नसेल तर १० केबीला १० पैसे असा दर सर्रास होता. त्या दरानं एक जीबी दहा हजार रुपयांच्या वर जातो. घरातली थोरली माणसं 'नेट चालू राहिलं तर पैसे जातील' म्हणून अजून घाबरतात, ती भीती त्या काळातली आहे, आणि तेव्हा ती अगदी खरी होती.

मोटारीच्या स्टार्टरमधल्या सिमला डेटा लागतच नाही. स्टार्टर मिस्ड कॉलवर किंवा एसएमएसवर चालू-बंद होतो. तरी तुम्ही त्याला डेटावाला प्लॅन मारत असाल तर ते पैसे वाया जातायत. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं फक्त कॉल आणि एसएमएस असलेले पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि २०२५ च्या सुरुवातीला ते आले. ८४ दिवसांचं पॅक साडेचारशेच्या आसपास मिळतं. वर्षभराचंही आहे. दुकानात गेल्यावर 'फक्त कॉलिंगचं' असं स्पष्ट मागा, कारण कुणी आपणहून काढून देत नाही. तुमचा स्टार्टर अ‍ॅपवर चालणारा नवा असेल तर मात्र त्याला थोडा डेटा लागेल, माहितीपत्रक बघा.

घरी वायफाय घ्यायचा विचार करा, असं मी आग्रहानं सांगेन. एकाहून जास्त फोन, व्हिडिओ बघायची सवय आणि कॅमेरा असलेल्या घरात मोबाईल डेटावर सगळं चालवणं परवडत नाही. फायबरचा सुरुवातीचा प्लॅन महिना ४०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे पावणेपाचशेच्या आत मिळतो, आणि त्याची मर्यादा हजारो जीबींत असते. तुम्ही नुसत्या छोट्या पॅकवर तेवढेच घालवताय. तुमच्या वस्तीवर फायबर आलंय का ते गावातल्या केबलवाल्याला आणि बीएसएनएलच्या कार्यालयात विचारा. वीज गेली की राउटर बंद पडतो, म्हणून त्याला छोटा यूपीएस जोडून घ्या. हजार-दीड हजारात मिळतो आणि भारनियमनात दोनेक तास निघतात. वायफाय आलं की तुमचा दीड जीबीचा प्लॅन बहुधा पुरेल आणि मोठा घ्यायची वेळच येणार नाही.

दुबईचं थोडक्यात. देशात कुठेही गेलात तरी तुमचा रोजचा डेटा तसाच चालतो, पण देशाबाहेर तो चालत नाही. तिथे वेगळं आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक लागतं. पॅक न घेता पोस्टपेडवर डेटा रोमिंग चालू राहिलं, तर एका एमबीचा दर तुमच्या इथल्या कित्येक जीबींच्या किमतीएवढा असू शकतो. म्हणून निघायच्या आधी इथेच पॅक घ्या, त्यात संयुक्त अरब अमिराती आहे का ते वाचा, आणि वडिलांचं पोस्टपेड सिम सोबत नेऊ नका. विमानात बसल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकाच. काही विमानांत आणि जहाजांवर स्वतःचं नेटवर्क असतं, फोन त्याला जोडला गेला की नेहमीचं पॅक लागू होत नाही. तिथे पोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश चालतील, पण व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर त्या देशात बंधन आहे. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कॉल लागत नाही म्हणून काळजीत पडतील. आणि कॅमेऱ्याचं अ‍ॅप तिथे फक्त हॉटेलच्या वायफायवर उघडा.

राहिला वडिलांच्या दोन बिलांचा प्रश्न. आधी अ‍ॅपवरून दोन्ही बिलांचा डेटाचा तपशील उतरवून घ्या. कोणत्या तारखेला किती एमबी, हे त्यात दिसतं. त्या तारखांना वडिलांच्या फोनमध्ये ५०, ९०, १०० टक्क्यांचे संदेश आलेत का ते ताडून बघा. संदेश आले असतील तर ते बिल भरावं लागेल, तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नका. आले नसतील, किंवा न मागितलेली सेवा लावलेली दिसली, तर कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर फोन करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, लिहून घ्या. त्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. तक्रारीचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येतं. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, साध्या मराठीत ई-मेल चालतो. त्यात डॉकेट नंबर, बिलाची तारीख, जास्तीची रक्कम आणि संदेश आला नाही हे एवढं चार ओळींत लिहा. वादातली रक्कम सोडून बाकीचं बिल मुदतीत भरून टाका, म्हणजे तक्रार चालू असताना वडिलांचा नंबर बंद पडणार नाही. बँकेचे आणि सोसायटीचे सगळे संदेश त्याच नंबरवर येत असतील.